फुटपाथला घासलेले अलॉय घरी रंगवताना: कंपनी कुठली हे सगळ्यात शेवटी विचारा

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यात राहता, गाडी सहा वर्षांची हॅचबॅक, १५ इंची अलॉय म्हणजे अॅल्युमिनियमची चाकं, डाव्या बाजूची दोन्ही चाकं फुटपाथला घासून कडेनं खरवडली गेलीत. हार्डवेअरच्या दुकानातून सिल्व्हर स्प्रेचा कॅन आणलात, चाक शाम्पूनं धुतलंत, पुसलंत आणि मारलात रंग. पंधरा दिवस झकास दिसलं, मग गाडी प्रेशरनं धुवून घेतली आणि पोपडे निघाले. आता विचारताय की कुठल्या कंपनीचा कॅन घेऊ म्हणजे टिकेल, टायर काढावा लागतो का, की सरळ पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची पूड ओव्हनमध्ये भाजून बसवतात त्याला, देऊन मोकळं व्हावं.

मी बावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगमध्ये आहे, सुरुवात कोल्हापूरला उद्यमनगरात झाली, आता स्वतःचं छोटं शेड आहे. कंपनी बदलून तुमचं काम होणार नाही. कॅन बहुतेक बरा असणार. रंगाला धरून बसायला खाली काही नव्हतं, एवढीच गोष्ट आहे. तुमच्या चाकावर गाडीच्या कंपनीचं क्लिअर होतं, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गुळगुळीत काचेसारखा, त्यावर ब्रेकची काळी धूळ आणि टायरला मारतात त्या पॉलिशचं सिलिकॉन, आणि जिथं घासलंय तिथं उघडं अॅल्युमिनियम. या तिन्हींवर नुसता स्प्रे बसत नाही, नुसता पडून राहतो. प्रेशरच्या पाण्याला कडेला एक फट मिळाली की अख्खा पापुद्रा उचलतो.

डावीच चाकं का घासतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आपण बसतो उजवीकडं आणि पार्किंग लावतो डावीकडं, त्यामुळं डावं पुढचं चाक कुठं आहे हे अंदाजानंच. त्यामुळं मनाला लावून घेऊ नका, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ चाकांची हीच कथा.

आता तुमचं चाक नक्की कुठल्या जातीचं आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे आणि फोटो नसल्यामुळं मला ते दिसत नाही, म्हणून तुम्हीच बघा. चाकाचा पुढचा भाग चकाकता असेल आणि उन्हात तिरकं बघितलं तर जुन्या रेकॉर्डसारख्या बारीक गोल रेघा दिसत असतील, आणि खाचांमध्ये काळा किंवा ग्रे रंग असेल, तर ते डायमंड कट. ती फिनिश लेथवर कातून काढलेली असते आणि वर फक्त क्लिअर असतं. ती घरी परत आणता येत नाही, स्प्रेनं तर नाहीच, कितीही भारी सिल्व्हर आणा, कातलेल्या धातूची चमक वेगळीच. तुमचं तसं असेल तर दोनच रस्ते, लेथवाल्याकडं पाठवा किंवा मनाची तयारी करून अख्खं चाक एकरंगी करून टाका, गनमेटल म्हणजे गडद ग्रे किंवा साधं सिल्व्हर. मला विचाराल तर गनमेटल, त्यात चुका लपतात आणि ब्रेकची धूळही कमी दिसते. मग मात्र चारही करावी लागतील, एका बाजूला डायमंड कट आणि एका बाजूला ग्रे असं दिसायला नको.

साधं रंगवलेलं सिल्व्हर असेल तर सोपं. आणि स्टीलचं रिम, वर प्लॅस्टिकची टोपी, असं असेल तर आणखी सोपं, वायर ब्रशनं गंज काढा, रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा तांबडा प्रायमर, वर सिल्व्हर, झालं. पण ते रेड ऑक्साइड अॅल्युमिनियमवर मारू नका. मी मारलंय. सुरुवातीच्या वर्षात एका गिऱ्हाइकाची चारही अलॉय मी रेड ऑक्साइडवर केली होती, कारण लोखंडावर तेच मारत आलो होतो आणि धातू म्हणजे धातू असं वाटायचं. दोन महिन्यांनी माणूस आला, काही बोलला नाही, नुसतं नखानं एक टोक उचलून अख्खी पट्टी सोलून माझ्या हातात दिली, उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी. चारही चाकं फुकट करून दिली.

कारण असं की अॅल्युमिनियम घासलं की काही क्षणातच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो. डोळ्यांना दिसत नाही, पण तो इतका गुळगुळीत असतो की साधा प्रायमर त्यावर पकडच घेत नाही. त्यासाठी वेगळा प्रायमर मिळतो, आमच्याकडं वॉश प्रायमर म्हणतात, स्प्रे कॅनमध्ये सेल्फ एचिंग नावानं येतो. त्यात फॉस्फरिक अॅसिड असतं, ते तो थर किंचित खाऊन धातूत दात रोवतं. दुसरा पर्याय दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, तो उत्तम, पण त्याला स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर लागतो, घरी कॅनचाच वापरा. तुमचे पैसे जिथं खर्च करायचेत ते इथं. सिल्व्हर तीनशेचा घ्या की पाचशेचा, फरक थोडा. हा प्रायमर नसेल तर पाचशेचा सिल्व्हरसुद्धा परत सोलून येणार.

रंगाच्या आधी एक तपासणी करायची आहे आणि ती चुकवू नका. चाक काढून आतून-बाहेरून धुवा आणि उन्हात बघा. केसासारखी चीर दिसली, विशेषतः आतल्या कडेला किंवा आऱ्याच्या मुळाशी, तर ते चाक रंगवायचं नाही, बदलायचं. खड्ड्यात आपटलेल्या चाकाला आतल्या बाजूनं वाक येतो, बाहेरून काहीच दिसत नाही, पण ८० च्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. त्यावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे दुखणं झाकणं झालं. पुट्टी फक्त दिसण्यासाठी असते, तिला ताकद शून्य. खरवड एक-दीड मिलिमीटरपर्यंत खोल असेल तर भरा, त्याहून मोठा तुकडाच उडालेला असेल तर वेल्डिंग करून लेथवर घेणाऱ्या माणसाला दाखवा आणि तोही चाक बघून नको म्हणाला तर ऐका त्याचं.

आता वेळ. तुम्ही हे भर ऑगस्टमध्ये विचारताय. माझं स्पष्ट मत, आत्ता करू नका, दिवाळीपर्यंत थांबा. कॅनमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेत दमटपणा असला की त्या गार जागेवर बाष्प धरतं आणि ते ओल्या क्लिअरमध्ये अडकून बसतं, वर दुधाची साय आल्यासारखं पांढरट दिसतं. ठाण्या-मुंबईला, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हे होणारच म्हणून समजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी दहाच्या पुढं, दव उडाल्यावर, ते चारपर्यंत, ही सगळ्यात चांगली वेळ. एप्रिल-मे मध्ये भर दुपारी केलंत तर उलटा त्रास, रंग हवेतच सुकतो आणि चाकावर भुकटी होऊन बसतो, हात फिरवला की खरखरीत. तेव्हा सावलीत आणि सकाळी लवकर. दिवाळीपर्यंत उघड्या अॅल्युमिनियमवर पांढरी पूड येईल, खाडीच्या हवेनं जरा जास्तच, पण तीन महिन्यांत चाकाचं काही बिघडत नाही, ती घासताना निघून जाते.

चाक काढणं. लोक अख्खी गाडी जॅकवर ठेवून चारही चाकं काढायला निघतात, असलं करू नका. एका वेळी एक चाक काढा, त्याच्या जागी स्टेपनी लावा, गाडी जमिनीवर चार चाकांवर उभी. एका चाकाला नुसत्या कामाचे दोन दिवस आणि वर सुकायचा एक-दोन दिवस लागतो, तेवढा वेळ गाडी जॅकवर ठेवायची चीज नाही, आणि त्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली तर कधीच जायचं नाही. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर बहुतेक ८० ची मर्यादा लिहिलेली असते, तेवढ्यात फिरा. नट सैल करताना चाक जमिनीवर असतानाच पान्याला जोर द्या, उचलल्यावर नाही.

टायर काढायचा का? फक्त पुढची कड आणि चेहरा करायचा असेल तर गरज नाही. टायरमधली हवा बरीचशी सोडा, म्हणजे रबर सैल पडतं, आणि जुना पत्त्यांचा कॅट घ्या. एकेक पत्ता टायर आणि रिमच्या फटीत उभा खोचत जायचा, दुसरा पहिल्यावर थोडा चढवून. १५ इंची चाकाला तीस-पस्तीस पत्ते लागतात, एका कॅटमध्ये एक चाक आरामात. पत्ते वाकून रबरावर पडतात आणि रिमची कड अगदी टोकापर्यंत उघडी राहते, मास्किंग टेप लावून ते कधीच साधत नाही, टेपच्या कडेला रंगाची पायरी राहते आणि पुढं तिथूनच पापुद्रा सुटतो. माझ्या शेडमध्ये एका ड्रॉवरमध्ये राण्या-गुलाम सगळे सिल्व्हर झालेले कॅट पडलेत. बायको म्हणते बाकीच्यांचे पत्ते जुगारात जातात, तुमचे रंगात. अख्खं चाक वेगळ्या रंगाचं करणार असाल तर मात्र पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून घ्या, आणि परत चढवताना मशीनच्या दातांना प्लॅस्टिकचं कव्हर आहे का ते बघा, नाहीतर तुमची दोन दिवसांची मेहनत तो दोन मिनिटांत खरवडून देईल. त्यानंतर बॅलन्सिंग परत करावं लागतं.

साफसफाई हा कंटाळवाणा भाग आहे आणि खरं काम इथंच आहे. आधी पाणी आणि शाम्पू. मग डांबराचे ठिपके रॉकेल किंवा टार रिमूव्हरनं. ब्रेकची धूळ म्हणजे लोखंडाचे बारीक कण, ते तापून क्लिअरमध्ये रुतलेले असतात, आयर्न रिमूव्हर मारला की जांभळं पाणी ओघळतं, ते बघायला मजा येते पण हातमोजे घाला आणि वास सहन होणार नाही. मग परत शाम्पू, कारण रॉकेलचा तेलकटपणा राहतो. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, दोन फडकी घेऊन, एकानं ओलं करायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्यानं पुसायचं. एकाच फडक्यानं पुसत राहिलात तर तेल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवताय फक्त. हे घासायच्या आधी करायचं, नंतर नाही. आधी घासलंत तर सिलिकॉन पेपरच्या चरांमध्ये दाबून बसवताय, आणि मग रंग मारला की त्यात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, कितीही मारा भरत नाहीत. पेट्रोलनं पुसू नका, त्याचा तेलकट अंश मागं राहतो आणि आगीची भीती वेगळी.

आता घासलेली कड. तिथं धातू नुसता गेलेला नसतो, काही ठिकाणी उचलून आलेला असतो, बोट फिरवलं तर टोचेल. ती टोकं बारीक कानशीनं उतरवा, मूळ गोलाईच्या अंगानं, आडवी घाई करून सपाट करू नका. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग १८०. निम्म्या वेळा एवढ्यानंच खरवड जाते आणि पुट्टी लागतच नाही, आणि जितकी पुट्टी कमी तितकं काम टिकाऊ. उरलेले खोल ओरखडे असतील तिथं दोन भागांची बॉडी पुट्टी, हार्डनरवाली. ट्यूबमध्ये मिळते ती एनसी पुट्टी बारीक पिन होल भरायला ठीक, खड्डे भरायला नाही, ती वाळताना आकसते आणि महिन्याभरानं खड्डा परत वर दिसतो.

इथं एक क्रम आहे जो बरेच जण उलटा करतात. पुट्टी घासलेल्या उघड्या धातूवर लावायची, अॅसिडवाल्या प्रायमरवर नाही. अॅसिड आणि पॉलिस्टर पुट्टी यांचं जमत नाही, खालून मऊ राहते आणि सुटते. म्हणजे आधी पुट्टी, ती घासून सपाट, मग वॉश प्रायमर फक्त जिथं धातू उघडा आहे तिथं, पुट्टीवर जितका कमी येईल तेवढं बरं. आणि पुट्टी कोरडीच घासा, पाणी लावून घासलीत तर ती स्पंजासारखी पाणी पिते, नंतर ते पाणी रंगाला आतून फोड आणतं.

राहिलेल्या चाकावर, जिथं कंपनीचा रंग चांगला आहे, तो सगळा काढायची अजिबात गरज नाही. ३२० नं सगळीकडून मॅट करा, चमक कुठंही उरता कामा नये. आऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यात आणि नटाच्या खोबणीभोवती पेपर जात नाही म्हणून लोक तिथं सोडून देतात आणि पहिला पोपडा बरोबर तिथंच निघतो. तिथं स्कॉच ब्राइटचा तुकडा बोटाला गुंडाळून घासा. तुमच्या आधीच्या स्प्रेचे जे पोपडे राहिलेत ते मात्र पूर्ण काढा, एक कणही ठेवू नका, सुटत्या रंगावर नवीन रंग म्हणजे सुटता रंगच.

झाकायच्या जागा, आणि यात एक जिवाशी खेळ आहे म्हणून जरा थांबतो. व्हॉल्व्ह झाका, तो सोपा. पण नट जिथं टेकतो ती तिरकी बैठक आणि चाक हबला जिथं मागून चिकटतं तो सपाट भाग, या दोन ठिकाणी रंगाचा थेंबही नको. रंगाचा थर दाबाखाली बसतो, घासून निघतो, आणि तुम्ही घट्ट केलेला नट आपोआप सैल होतो. हे मी पुस्तकातून नाही सांगत. माझ्याच गाडीचं चाक मी एकदा हौसेनं सगळं गुळगुळीत रंगवलं होतं, नटाच्या खोबणीसकट, आणि सांगलीला जाताना वाटेत टकटक आवाज यायला लागला, उतरून बघतो तर तीन नट बोटानं फिरतायत. तेव्हापासून खोबणीत कागदाचा बोळा किंवा मापाची मास्किंगची गुंडाळी घातल्याशिवाय कॅन हातात घेत नाही.

प्रायमर. कॅन दोन मिनिटं पूर्ण हलवा, आतली गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं, त्याच्या आधीची धरू नका. घासल्यावर शक्यतो तासाभरातच वॉश प्रायमर मारा, उद्या मारू म्हणून ठेवलं तर तो ऑक्साइड परत वाढतो, परत घासा. एकच पातळ हात, खालचा धातू थोडा दिसला तरी चालेल, हा प्रायमर जाड मारला की उलट कच्चा राहतो. कॅनवर लिहिलेली वेळ थांबा, मग साधा सरफेसर प्रायमर दोन-तीन हात, त्यानं पेपरचे चर भरतात. रात्रभर ठेवा. सकाळी ६०० चा वॉटर पेपर, हलक्या हातानं, पाण्यात थेंबभर साबण. घासताना धातू परत उघडा पडला तर तिथं परत वॉश प्रायमरचा फवारा, आळस करू नका. एक युक्ती, घासायच्या आधी सरफेसरवर काळ्या स्प्रेचा अगदी लांबून हलका शिडकावा द्या. घासताना जिथं काळे ठिपके राहतील तिथं अजून खड्डा आहे हे दिसतं, बोटाला कळत नाही ते डोळ्याला कळतं.

रंगाचं खरं तर आता थोडंच उरलं. अंतर वीतभर किंवा थोडं जास्त, २० ते २५ सेंटीमीटर. हात चाकाच्या बाहेर सुरू करायचा, चाकावरून न थांबता न्यायचा, बाहेर गेल्यावर नॉब सोडायचा. पहिला हात धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसतच राहणार, तो भरायचा मोह होतो आणि तिथंच ओघळ येतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा, दुसरा, परत थांबा, तिसरा. आऱ्यांच्या बाजू आधी मारून घ्या, चेहरा शेवटी, नाहीतर बाजू मारताना चेहऱ्यावर जाड बसतो. सिल्व्हर असेल तर शेवटचा हात थोडा लांबून आणि चाक फिरवून चारी बाजूंनी, म्हणजे आतली चकाकी सगळीकडं सारखी पडते, ढगाळ दिसत नाही. ओघळ आलाच तर बोट लावू नका. पूर्ण वाळू द्या, उद्या ६०० नं घासा, परत मारा.

कॅनवर एक ओळ बारीक अक्षरात असते ती वाचा. बऱ्याच कॅनवर लिहिलेलं असतं की पुढचा हात एका तासाच्या आत मारा नाहीतर २४ किंवा ४८ तासांनी. यात गंमत नाही. मधल्या वेळात वरचा थर सुकलेला आणि आतला ओला असतो, त्यावर नवीन थिनर पडला की सगळं सुरकुत्या पडून गोळा होतं, म्हाताऱ्याच्या हातावरच्या कातडीसारखं. आणि प्रायमर, रंग, क्लिअर शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. कंपनीचा विचार करायचाच तर तो एवढ्यापुरता. एकाचा रंग दुसऱ्याच्या क्लिअरनं विरघळतो असं मी पाहिलंय. वेगळे घ्यावेच लागले तर जुन्या पत्र्यावर आधी करून बघा.

क्लिअर दोन प्रकारचं मिळतं. साधं, जे नुसतं थिनर उडून सुकतं, त्यावर पेट्रोल सांडलं की परत मऊ पडतं. आणि टू के, ज्यात कॅनच्या बुडाशी पिन दाबून हार्डनर आत सोडायचा असतो. टू के दगडासारखं होतं, चाकासाठी तेच योग्य, पण हार्डनर सोडल्यावर एक-दोन दिवसांत कॅन संपवावा लागतो, आत घट्ट होतो, म्हणून एका वेळी एकच चाक करताय तर प्रत्येक चाकाला टू के चा वेगळा कॅन धरा. आणि त्यात आयसोसायनेट असतं. कोरोनात वापरलेला कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क त्याला काही करत नाही, एकदा फुप्फुसाला अॅलर्जी बसली की आयुष्यभर दमा. माझ्या ओळखीचा एक चांगला पेंटर यामुळं धंदा सोडून बसलाय. केमिकल कार्ट्रिजचा मास्क, चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा असेल तरच टू के. फ्लॅटच्या बाल्कनीत करणार असाल तर साधं क्लिअर मारा, दोन वर्षांनी परत मारावं लागलं तर लागलं. साधा स्प्रेसुद्धा घरात नको, कॅनमध्ये ज्वलनशील वायू असतो, शेजारच्या खोलीत गॅस किंवा देवापुढं दिवा चालू असला तरी धोका. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मारणार असाल तर आजूबाजूला गाडी उभी नाही ना ते बघा, फवारा वाऱ्यानं दहा फूट जातो आणि शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीला सिल्व्हर पावडर लागली की रंगाहून मोठा विषय होतो.

एक गैरसमज सांगून टाकतो, चाक तापतं म्हणून इंजिनाचा हाय टेंपरेचर रंग आणतात लोक. नको. ब्रेकची डिस्क तापते, चाकाचा चेहरा रोजच्या वापरात त्या मानानं बराच गार असतो. आणि तो हाय टेंपरेचर रंग तापवून भाजल्याशिवाय कडक होतच नाही, चाकावर तो आयुष्यभर मऊच राहतो. ब्रेकचे कॅलिपर रंगवायचे असतील तर वेगळी गोष्ट, तिथं तो लागतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, पावडर कोटिंग. काम पक्कं असतं, घरच्या स्प्रेपेक्षा कितीतरी पक्कं, यात वाद नाही. पण त्यात टायर, व्हॉल्व्ह सगळं उतरवावं लागतं, जुना रंग पूर्ण काढावा लागतो, आणि साधारण १८० ते २०० डिग्रीला ओव्हनमध्ये भाजतात. साधी बॉडी पुट्टी त्या उष्णतेत टिकत नाही, म्हणजे पावडरवाला तुमचा ओरखडा भरून देणार नाही, वर रंग देईल आणि ओरखडा चकचकीत दिसेल. कड आधी घासून किंवा वेल्डिंग करून सरळ करून द्यावी लागते. आणि ओव्हनचं तापमान किती ठेवता हे विचारा, कारण अलॉयचं कास्टिंग उष्णता देऊन कडक केलेलं असतं, उद्यमनगरात आम्ही शेजारच्या फाउंड्रीत बघायचो, त्या कडक करण्याचं तापमान पावडरच्या ओव्हनपेक्षा काही फार खाली नसतं, त्यामुळं कोणी घाईत जास्त तापवलं तर धातू मऊ पडतो. उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडं देऊ नका. तुमची दोनच चाकं कडेनं घासलीत, मी असतो तर घरीच केली असती. चारही चाकांचा रंग बदलायचा असता तर पावडर.

दोनच करताना एक तडजोड आहे ती आधीच मान्य करा. सहा वर्षं उन्हात राहिलेला सिल्व्हर आणि कॅनमधला नवीन सिल्व्हर जुळणार नाही, कंपनीच्या कोडचा आणलात तरी नाही. पण डावी दोन एका बाजूला आणि उजवी दोन दुसऱ्या बाजूला, माणूस एका वेळी गाडीची एकच बाजू बघतो. म्हणून घासलेलं एक असलं तरी त्या बाजूची जोडी करा, मग कोणाच्या बापाला कळत नाही. दोन चाकांना ४०० मिलीचा वॉश प्रायमर एक, सरफेसर एक, रंग दोन, साधं क्लिअर एक (टू के असेल तर दोन) पुरतं, रंगाचा एक जादा आणा, रविवारी दुपारी संपला की दुकानं बंद असतात.

झाल्यावर २४ तास हात लावू नका, चाक लावायला दोन दिवस थांबलात तर आणखी बरं. पत्ते मात्र रंग अर्धवट सुकलेला असतानाच काढा, पूर्ण कडक झाल्यावर ओढलेत तर कडेचा रंग सोबत येतो. हवा भरा. चाक चढवताना नट हातानं शेवटपर्यंत फिरवा, मग चांदणीच्या आकारात समोरासमोरचे आवळा, मॅन्युअलमध्ये टॉर्कचा, म्हणजे किती जोरानं आवळायचं त्याचा, आकडा असतो, आपल्याकडच्या लहान गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या मध्ये, तुमच्या गाडीचा नक्की आकडा बघा. पान्यावर उभं राहून आवळू नका. ५० ते १०० किलोमीटर फिरल्यावर परत एकदा पाना लावून बघायचा, हे सांगलीच्या वाटेवरचं शहाणपण आहे. दोन-तीन आठवडे प्रेशर वॉशर लांब ठेवा, बादली आणि फडकं. नंतरही धुणारा चाकाला कुठलं लिक्विड मारतोय ते विचारा, काही ठिकाणी पटकन उजळावं म्हणून अॅसिड मारतात, ते कंपनीचं क्लिअरसुद्धा खातं.

उरलेला रंगाचा कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा म्हणजे नॉब तुंबत नाही, आणि त्याच्यावर मार्करनं तारीख लिहून सावलीत ठेवा, गाडीत नको, उन्हात फुटतो. टू के क्लिअरचा उरला तर तो ठेवायचा नाही. आणि दिवाळीनंतर करायला घ्याल तेव्हा पुट्टीच्या आधी घासलेल्या कडेचा उन्हातला एक फोटो टाका, भरायचं की नुसतं कानशीनं भागेल ते बघून सांगतो.